स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला 30 टक्केच दिव्यांगत्व, संजय गांधी योजनेचा अर्जही नामंजूर. अपील कसं करायचं?

मृणाल_एस:
धाकटा भाऊ 36 वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन 11 वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळानं 30 टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं. तेच जोडून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला होता. तहसीलचं पत्र आलं, कारण एकच: दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी. भाऊ कार्यालयात जाऊन स्वतःची बाजू मांडू शकत नाही. अपील दोन्हीकडे करायचं का? बहीण म्हणून मी सही केली तर चालेल का? की सरळ नवा अर्ज केलेला बरा?

तहसील_कट्टा:
ताई, तहसीलशी भांडण्यात आत्ता अर्थ नाही. त्यांच्यासमोर 30 टक्क्यांचा कागद असताना ते मंजुरी देऊच शकत नाहीत. खरं अपील प्रमाणपत्राविरुद्ध. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 मध्ये तो हक्क दिलेला आहे. मुदत आणि अपील प्राधिकारी राज्य सरकार ठरवतं. म्हणून आजच रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात लेखी विचारा: "कलम 59 खाली अपील कोणाकडे आणि किती दिवसांत?" अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. "पुन्हा अर्ज करा" असं सांगून लोकांना परत पाठवतात आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते.

प्रमाणपत्र 40 किंवा त्याहून जास्त टक्क्यांचं झालं की योजनेचा अर्ज नव्यानं भरा. तेव्हा वय 18 ते 65, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला हे सगळं पुन्हा तपासलं जाईल. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला 2,500 रुपये मिळतात, म्हणून हे नेटानं लढण्यासारखं आहे.

काळजीवाहू_पुणे:
मूळ गोष्ट गुणांची आहे. मानसिक आजारात टक्के 'आयडियाज' मोजपट्टीवर ठरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम असे चार भाग. प्रत्येकाला 0 ते 4 गुण (अडचण जास्त तेवढे गुण जास्त), आणि आजाराच्या कालावधीचे वेगळे. एकूण 7 झाले की 40 टक्के. म्हणजे 30 टक्के आणि 40 टक्के यांच्यात एक-दोन गुणांचंच अंतर असतं, आणि ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी हुकतं.

पहिलं, कालावधी. फाइलमध्ये अलीकडचेच केसपेपर असतील तर आजारही अलीकडचाच दिसतो. 11 वर्षांपूर्वीचा पहिला कागद शोधा. हरवला असेल तर त्या रुग्णालयाकडे भावाच्या सहीनं नोंदींची प्रत मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार ती 72 तासांत द्यायची असते.

दुसरं, सोबतच्या माणसाची माहिती. "अंघोळ करतो का?" असं विचारलं, भाऊ "हो" म्हणाला, शून्य गुण. वस्तुस्थिती अशी असते की बादली कोणीतरी भरतं, कपडे काढून ठेवतं, चार वेळा सांगावं लागतं आणि साबण तसाच कोरडा राहतो. हे घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय कागदावर येत नाही. अपिलाला चारही भागांचं एक-एक पान जोडा. "तो खूप आजारी आहे" असं लिहू नका. काय करतो, कोणाच्या मदतीनं, किती वेळा सांगितल्यावर आणि मदत नसेल तर काय होतं, एवढंच लिहा. कामाच्या भागात शेवटची नोकरी कधी आणि का सुटली तेही हवं.

मृणाल_एस:
डॉक्टरांच्या शेवटच्या कागदावर "प्रकृती स्थिर, सुधारणा आहे" असं लिहिलंय. त्याचा फटका बसला असेल का?

काळजीवाहू_पुणे:
बसतोच. "स्थिर" म्हणजे भ्रम-भास आटोक्यात आहेत. काम करता येतं, असा त्याचा अर्थ होत नाही, पण घाईत वाचणारा तसाच घेतो. मानसोपचारतज्ज्ञांना भेटून वेगळं पत्र मागा: निदान, पहिली तारीख, चालू औषधं, आणि औषधं घेऊनही उरलेली लक्षणं. पुढाकार न घेणं, एकटं राहणं, लक्ष न टिकणं अशी लक्षणं त्यात नावानिशी यायला हवीत. टक्के लिहायला सांगू नका, तो मंडळाचा अधिकार आहे.

अर्जदार_मित्र:
सहीबद्दल. भाऊ सही किंवा अंगठा देऊ शकत असेल तर अपील त्याच्याच नावानं जाऊ द्या, सोबत तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 14 नुसार तो साध्या कागदावर सही करून तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. उपचारांची माहिती मिळवायला त्याचा उपयोग होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व आणा असं कोणी म्हणालं तर तिकडे वेळ घालवू नका. ती समिती राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खालची आहे आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व एवढ्यांसाठीच आहे. स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही.

मंडळानं कोणत्या भागाला किती गुण दिले त्या गुणपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मागा, तीही भावाच्याच नावानं. तुमच्या नावानं मागितली तर "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारतील. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी अपील अडवून धरू नका. आधी अपील दाखल करा, त्यात "गुणपत्रक मिळाल्यावर पुरवणी म्हणणं देऊ" असं एक वाक्य टाका.

वकील लागला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अपील घेतच नसतील किंवा उत्तरच देत नसतील तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते टक्के बदलून देणार नाहीत, पण प्रक्रिया पाळायला लावू शकतात.

फेरतपासणीची तारीख मिळाली की त्या दिवशी भावासोबत रोज राहणाऱ्या माणसानंच जावं. गाडी चालवायला येणारा चुलतभाऊ मंडळाच्या प्रश्नांना उत्तरं देऊ शकणार नाही.