मदत हवी आहे: छोट्या इंटरनेट रेडिओला रॉयल्टी परवडते कशी?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे मित्र अमेरिकेत नोकरी सांभाळून हौसेखातर एक इंटरनेट रेडिओ चालवतो. जुनं जॅझ, वाद्यसंगीत, मध्येमध्ये आमची बडबड. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर सर्व्हरचा खर्च कसाबसा निघतो. आतापर्यंत रॉयल्टी होस्टिंगवालेच भरायचे. आता ते ही सोय बंद करताहेत, म्हणजे परवाना आमच्या नावावर घ्यावा लागणार.

हिशोब मांडला आणि घाम फुटला. व्यावसायिक स्टेशनसाठी २०२१ ते २०२५ या काळातला मूळ दर एका श्रोत्यामागे एका गाण्याला ०.००२१ डॉलर होता, वर महागाईनुसार वाढ. दिसायला चिल्लर. पण चोवीस तास सरासरी ४० श्रोते आणि ताशी १५ गाणी धरली तर तासाला ६०० 'प्ले' होतात आणि महिन्याला सुमारे ९०७ डॉलर, तेही मूळ दराने! श्रोते दुप्पट झाले की बिल दुप्पट, देणग्या काही दुप्पट होत नाहीत. आणि एफएमवाल्यांना तीच रेकॉर्ड हवेतून वाजवली तर गायक-वादकांच्या नावाने दमडीही द्यावी लागत नाही. हा कुठला न्याय?

छोट्यांसाठी टक्केवारीचा दर असतो असं ऐकलंय, तो मिळेल का? आणि १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डना रॉयल्टी नसते हे खरं का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

टक्केवारी विसरा. पहिल्या अडीच लाख डॉलर कमाईवर १० टक्के आणि पुढे १२, किंवा खर्चाच्या ७ टक्के, यातलं जे जास्त ते, अशी सवलत होती. २०१५ अखेर तिची मुदत संपली आणि कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने २०१६ पासूनच्या दरांत छोट्या व्यावसायिक स्टेशनांसाठी वेगळा दर ठेवलाच नाही. हजारो हौशी स्टेशनांना छत्राखाली घेणारी लाइव्ह३६५ त्याच जानेवारीअखेर बंद पडली. (गुंतवणूकदारांनीही हात काढून घेतले होते, सगळा दोष दरांचा नाही.) पुढच्या वर्षी ती नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाली. छत्र शोधायचंच असेल तर असे पर्याय आहेत.

१९७२ ची पळवाट २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने बुजवली. १९२३ च्या आधीच्या रेकॉर्ड मात्र २०२२ पासून मुक्त आहेत. खरखर सोसायची तयारी असेल तर वाजवा खुशाल.

प्रतिसाद २

पण तुम्ही व्यावसायिक दराने हिशोब का करताय? देणग्यांवर चालतं ना? मग ना-नफा संस्था म्हणून नोंदणी करा. अव्यावसायिक स्टेशनला २०२१ ते २०२५ या काळात चॅनेलमागे वर्षाला किमान शुल्क १,००० डॉलर होतं, आणि त्यात महिन्याला १,५९,१४० श्रोता-तास बसायचे. तुमचे ४० श्रोते गुणिले ७२० तास म्हणजे २८,८००. मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत! त्यापुढच्या ऐकण्यालाच 'प्ले'मागे दर लागतो.

करमाफी हातात पडेपर्यंत थांबायची गरज नाही. आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) प्रामाणिकपणे अर्ज केलेला असावा आणि मंजुरीची रास्त अपेक्षा असावी, एवढं कायद्याला पुरतं. 'आम्ही पैसे कमवत नाही हो' एवढं म्हणून मात्र भागत नाही, कागद लागतो.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. मग साउंडएक्सचेंजला (ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) वर्षाचं किमान शुल्क भरलं की सुटलो?

प्रतिसाद २

नाही. ते फक्त ध्वनिमुद्रणाचं. संगीतकार-गीतकारांचे पैसे ॲस्कॅप, बीएमआय वगैरेंकडे वेगळे जातात, त्यांचे परवाने आधी विचारून घ्या. शिवाय साउंडएक्सचेंजचा परवाना अमेरिकेतल्या श्रोत्यांपुरताच. बाहेरच्या देशांतून किती जण ऐकतात ते सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा आणि त्या देशांचं काय करायचं ते ठरवा.

आणखी एक. जॅझवाले एकाच कलाकाराची रात्र रंगवतात. या परवान्यात तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी चालतात, त्यातली सलग तीनच. एका अल्बममधली तर तीनच, सलग दोन. आणि पुढे नेमकं कुठलं गाणं लागणार तेही आधी जाहीर करायचं नाही. वेळापत्रक पानावर टाकत असाल तर आधी ते काढा.

धागाकर्ता

टाकतो ना, गाण्यांसकट. आजच काढतो. कोणी अशी संस्था नोंदवली असेल तर अर्जात उद्देश काय लिहिला तेवढं सांगा, 'संगीत ऐकवणे' एवढ्यावर भागेलसं वाटत नाही.