‘किल्ला’ पाहिलात? तेव्हा तुम्ही जाणारे होता की राहणारे?

मंडळी, परवा रात्री ‘किल्ला’ हा मराठी सिनेमा पुन्हा पाहिला. लेकीला दाखवायचा म्हणून लावला होता. ती मध्येच झोपून गेली, मी मात्र शेवटपर्यंत बसून राहिले. पहिल्यांदा पाहिला तो २०१५ साली. २६ जूनला लागला आणि दोनतीन दिवसांत मी आणि बहीण जाऊन आलो. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे ते दिवस नेमके वह्यांना खाकी कव्हरं घालायचे होते. सिनेमातली पोरं दप्तर घेऊन पावसातून चाललेली पाहताना मला त्या कागदाचा वास येत होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वडील गेलेत, आई सरकारी नोकरीत, तिची बदली कोकणात होते. अकरा वर्षांचा चिन्मय तिच्याबरोबर त्या गावात येतो. आधी कुणाशी जमत नाही. मग बंड्या आणि त्याची टोळी भेटते. किल्ल्यावर एक पावसाळी दुपार येते आणि ती पोरं त्याला तिथेच सोडून निघून जातात. पुढे तुटलेलं पुन्हा जुळतं, आणि जुळतंय तोवर आईची परत बदली. शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका. या सिनेमात शेवट कळल्यानं काही बिघडत नाही. दिग्दर्शक अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. छायाचित्रणही त्यांचंच. मला तर वाटतं निम्मी गोष्ट त्या पावसानंच सांगितली आहे.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. गोंदिया, चंद्रपूर आणि मग सातवीत असताना नागपूर, रविनगरचं क्वार्टर. चंद्रपूरला माझी एक मैत्रीण होती. सामानाचा ट्रक भरून झाला, शेजारपाजारचे सगळे भेटून गेले, ती आली नाही. घर दहा पावलांवर असून आली नाही. त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. परवा सिनेमा संपताना पहिल्यांदाच मनात आलं की मी तर नव्या गावाला निघाले होते, नवी शाळा, नवं सगळं. तिला मात्र दुसऱ्या दिवसापासून आमच्या कुलूप लावलेल्या क्वार्टरसमोरूनच शाळेत जावं लागलं असेल.

तर लिहा. किती स्टार द्यायचे ते राहू द्या. हा सिनेमा पाहताना तुम्हाला कोण आठवलं, आणि तेव्हा तुम्ही जाणारे होता की राहणारे, ते सांगा.

नागपूरच्या महाल भागातून, वय ४४

मी राहणारा. आणि सोडून जाणाराही मीच, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आमच्या वर्गात कोल्हापूरकडचा एक मुलगा आला होता. वडील बँकेत. तो बोलायला लागला की आम्ही हसायचो. आम्ही ‘काय करून राहिला बे’ म्हणणारे, आणि तो ‘काय करायलायस’ म्हणायचा. अभ्यासात पुढे होता, मास्तर त्याची वही आम्हाला दाखवायचे, त्यामुळे अजूनच. तरी तो यायचा आमच्यामागे. रविवारी सायकली घेऊन फुटाळा तलावापर्यंत जायचं आणि तिथून सेमिनरी हिल्सच्या चढावर शर्यत लावायची, असा आमचा नेम होता. एका रविवारी त्याला घेतलं. ऑगस्ट होता. चढावर तो मागे पडला आणि आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला. आम्ही चौघं एका टपरीखाली शिरलो. तो दिसेना. कुणीतरी म्हणालं, ‘येईल ना तो.’ कोण म्हणालं ते मला पक्कं आठवतं. मीच.

पाऊस थोडा कमी झाल्यावर आम्ही दुसऱ्या बाजूनं उतरून घरी आलो. तो रात्री साडेआठला पोचला, पंक्चर सायकल हातात धरून, चालत. त्याच्या आईनं आमच्या घरी येऊन विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, ‘काकू, आमच्यासोबत नव्हता.’

दुसऱ्या दिवशी त्यानं काहीच म्हटलं नाही. मास्तरांना नाही, घरी नाही. फक्त बाक बदलला. मारामारी केली असती तर सोपं गेलं असतं. सिनेमात चिन्मय परत येतो आणि त्या पोरांकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेली होती. थेटरात माझी बायको शेजारी होती. तिला काही सांगता आलं नाही, मी नुसता खुर्चीचा दांडा धरून बसलो.

तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीत सगळी पोट्टी लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. तो दारात उभा राहून बघत होता. माझ्याकडे दोन नंदी होते, एक नवा आणि एक आजोबांनी दिलेला, शिंग मोडलेला. मी त्याला नवा द्यायला गेलो. तो म्हणाला, जुना दे. दोघं मिळून फिरलो. माफी मी मागितली नाही आणि त्यानं मागायला लावली नाही. मे महिन्यात त्याच्या वडिलांची बदली झाली. जुना नंदी त्याच्याकडेच राहिला.

‘किल्ला’ चांगला की वाईट हे मला सांगता येणार नाही. मी तो दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

मनीषनगरहून

सगळे भरभरून लिहीत आहेत, पण मला सिनेमा फार संथ वाटला हे नोंदवतो. आईच्या कचेरीचं उपकथानक मध्येच येतं आणि अर्धवट सुटतं. माझी खरी तक्रार मात्र बंड्याबद्दल आहे. पार्थ भालेराव पडद्यावर आला की जीव येतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला तो अगदी योग्य होता. पण बंड्याच्या घरात काय चाललं असेल, चिन्मय गेल्यावर त्याचं काय झालं असेल, हे दिग्दर्शकानं आपल्याला दाखवायला हवं होतं. कॅमेरा जाणाऱ्याबरोबर निघून जातो. धागाकर्तीनं विचारलेला प्रश्न सिनेमानं विचारायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिव्हिल लाइन्समधून, महसूल खात्यातल्या नोकरदार आई

तुमच्या सगळ्यांना मुलं आठवली. मला त्यातली आई दिसली.

अमृता सुभाष यांनी साकारलेली अरुणा घरी येते, पर्स ठेवते आणि क्षणभर नुसती उभी राहते. कपडे बदलायला जायचं की स्वयंपाकघरात, की आधी मुलाकडे बघायचं, हे ठरत नसतं. तो क्षण लिहिणाऱ्याला आणि करणारीला बदलीच्या गावातलं घर माहीत आहे. नव्या कचेरीत पहिले सहा महिने कोणती सही डोळे मिटून करायची नाही हे शिकण्यातच जातात. मलाही एकदा एका फायलीवर विश्वासानं सही करून निस्तरावं लागलं होतं. घरी येऊन त्याचा राग मुलावर निघाला होता. त्यानं दूध सांडलं एवढंच निमित्त.

सात वर्षांत माझ्या तीन बदल्या झाल्या. दरवेळी जूनमध्ये शाळेतून दाखला काढायचा, नव्या शाळेत हातापाया पडून प्रवेश घ्यायचा. तिसऱ्या शाळेत माझ्या लक्षात आलं की मुलगा डब्याबद्दल सांगतो, बाईंबद्दल सांगतो, पण कुणा मुलाचं नाव घेत नाही. मी विचारलं, तुझा मित्र कोण झाला रे? म्हणाला, ‘करून काय करू? आपण जाणारच ना.’ तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

हा सिनेमा आम्ही दोघांनी घरी पाहिला. किल्ल्यावरच्या प्रसंगाला तो रडेल असं वाटलं होतं. तो तिथे गप्प होता. शेवटी सामान बांधायला लागतात तिथे मला म्हणाला, ‘आई, तुझी पण मैत्रीण कुणी नव्हती ना तिथे?’ मी त्याला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं की त्या गावात दोन वर्षं माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललं नव्हतं.

आता तो अठराचा आहे. नागपुरात आलो तेव्हा शेजारच्या काकूंच्या नातवाशी त्याचं जमलं, पतंगावरून. संक्रांतीला गच्चीवरून दोघांचं ‘ओ पार’ ऐकू आलं तेव्हा मी तिळाच्या वड्या थापत होते. हात तसेच ठेवून उभी राहिले.

धरमपेठेतून, शिक्षिका

छोटा अनुभव. सातवीच्या वर्गाला दाखवला होता. मला भीती होती की मुलं कंटाळतील. मधल्या सुट्टीची घंटा झाली, कुणी उठलं नाही. नंतर चर्चेत मी ‘समुद्राचा अर्थ काय वाटतो’ वगैरे विचारत होते, त्यात कुणाला रस नव्हता. मुलांना एकच वाद घालायचा होता, चिन्मयनं इतक्या लवकर माफ करायला हवं होतं की नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात कधी बोलली नव्हती, उभी राहून म्हणाली, ‘त्याला दुसरे मित्रच नव्हते मॅडम, मग काय करेल तो?’ वर्ग शांत झाला. तिच्या शेजारची जागा बरेच दिवस रिकामी होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला आधी दिसायला हवं होतं.

आणखी एक. २०१४ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात याला क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळाला तो मुलांच्या ज्युरीकडून. परदेशातल्या, मराठी न कळणाऱ्या मुलांनी निवडलेला सिनेमा आहे हा. माझ्या वर्गाला हे सांगितल्यावर त्यांना फार अभिमान वाटला, जणू त्यांनीच मत दिलं होतं.

नंदनवनहून, वय २२

मी थेटरात नाही पाहिला, मोबाइलवर पाहिला, लॉकडाऊनमध्ये. चिन्मय जेवढा आहे त्याच्यापेक्षा मी तेव्हा थोडा मोठा होतो. समुद्र मी अजून पाहिला नाही. नागपूरहून कुठल्याही समुद्रावर जायचं म्हटलं तर रात्रभराचा प्रवास. त्यामुळे सगळे म्हणतात ते लाटांचं वगैरे मले तितकं नाही भिडलं. मले भिडला तो किल्ला.

आपला किल्ला सीताबर्डीचा. लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून वर्षातून मोजके दिवस उघडतो, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, असे. मी अन् माझा दोस्त चौथीपासून दर १५ ऑगस्टला जायचो. झेंडावंदन झालं की शाळेच्या कपड्यातच निघायचो. लाइन मोठी राहायची. वर गेलं की सगळं नागपूर दिसते, स्टेशन, गाड्या. तो म्हणायचा, ‘पाय बे, सगळ्या गाड्या इथूनच जाऊन राहिल्या, दिल्लीले पण अन् चेन्नईले पण.’ आता तो पुण्याले आहे, कंपनीत. भांडण नाही झालं काही. फोन करतो, मीही करतो. पण १५ ऑगस्टले सुट्टी एकाच दिवसाची असते, तो काही येत नाही. मागच्या वर्षी मी एकटा गेलो होतो. लाइनीत उभा राहिलो, दार जवळ आलं अन् परतलो.

मनीषनगरच्या दादांनी लिहिलं ना, बंड्याचं काय झालं ते दाखवायला पाहिजे होतं. दादा, बंड्याचं असं होते.

(धागाकर्ती) हे वाचून मी मघाशी चंद्रपूरच्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावला. मैत्रिणीचा नंबर मिळाला आहे. अजून लावलेला नाही. महालच्या दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून एवढी तरी हिंमत झाली. तुम्हाला कुणी ‘शोधा त्याला’ म्हणेल, मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

अजनीहून, निवृत्त रेल्वे कर्मचारी, वय ७१

नातीनं हा धागा वाचून दाखवला आणि मी सांगतो ते ती लिहून घेते आहे. मी गेलो नाही आणि माझा मित्रही गेला नाही. आम्ही दोघं अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील दोघांचेही रेल्वेतच, पुढे आम्हीही. आमच्या लहानपणी कॉलनीतली मुलं सारखी बदलायची. आज खेळायला आलेला पोरगा उद्या भुसावळला किंवा बिलासपूरला गेलेला. आम्ही दोघं मात्र उरायचो. पुढे आम्हालाही बदल्या झाल्या, त्याला बल्लारशाहला, मला आमल्याला, पण निवृत्तीनंतर दोघांनी इथेच दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं बांधली.

हा सिनेमा आम्ही माझ्या घरी टीव्हीवर पाहिला. तो मध्ये एकदाच बोलला. ती मुलं किल्ल्यावरून निघून जातात तिथे. म्हणाला, ‘तुला आठवते का, तो मद्रासी मुलगा?’ मी म्हटलं, आठवते. दोघांपैकी कुणी पुढे काही बोललं नाही. त्या मुलाचं आम्ही जे केलं होतं ते आम्ही साठ वर्षांत कधी काढलेलं नाही, आणि आजही नातीसमोर सांगत नाही.

संपल्यावर मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. रस्त्यावरचे दिवे गेले होते. तो म्हणाला, ‘उद्या ये. गोळाभात करणार आहेत.’