नव्या संगणकावर सगळं आलं, पण उघडत काही नाही

प्रेषक: ग्रंथालय, दांडिया बाजार
विषय: नव्या संगणकावर सगळं आलं, पण उघडत काही नाही

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातला जुना संगणक बदलायचं कार्यकारिणीत ठरलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. नवा आला, विंडोज ११ चा. दुकानातला मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन दुपारभर बसला, "बधुं थई गयुं, काकी" (सगळं झालं) म्हणाला आणि गेला. फोल्डर सगळे दिसतात, नावंही बरोबर आहेत. पण ई-पुस्तकांवर क्लिक केलं की "कशात उघडू?" असं विचारतो. नाट्यसंगीताच्या सीडींचे फोल्डर आहेत, आत "ट्रॅक ०१, ट्रॅक ०२" अशी ओळीने नावं आहेत, पण गाणं एकही वाजत नाही. आणि जुन्या स्मरणिकांच्या वर्ड फायलींत मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं. गणेशोत्सवातल्या नाटकाचं चित्रीकरण तर पेन ड्राइव्हवर चढलंच नाही म्हणे, "फाइल फार मोठी आहे". पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा.

जुन्या संगणकाला भंगारवाला उद्या नेणार आहे. त्याआधी काही करायचं असेल तर सांगा.

---

प्रेषक: मांजलपूर
विषय: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

काकू, भंगारवाल्याला आधी नको म्हणून कळवा. बाकीचं संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

प्रेषक: मांजलपूर
विषय: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

हं, आता बसून लिहितो.

काकू, नव्या संगणकावरच्या त्या फोल्डरमध्ये "व्ह्यू"मध्ये जाऊन "डिटेल्स" निवडा. नावापुढे आकार दिसेल. माझा अंदाज असा की ई-पुस्तकांच्या फायली १-२ केबीच्या असतील आणि गाण्यांच्या सगळ्याच्या सगळ्या १ केबीच्या. अख्खं पुस्तक १ केबीत मावत नाही. त्यात अनुक्रमणिकासुद्धा बसणार नाही.

गाण्यांचं आधी. ऑडिओ सीडीवर फायली अशा नसतातच. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक गाण्याची एक सीडीए फाइल दाखवतं. तिच्यात गाणं नसतं, सीडीवर ते गाणं कुठून सुरू होतं नि किती लांब आहे एवढीच नोंद असते, अवघी ४४ बाइटची. त्या मुलाने सीडी उघडली, सगळं निवडलं, कॉपी-पेस्ट केलं. नोंदी आल्या, गाणी सीडीवरच राहिली. म्हणून तुमच्या सीडी शाबूत असतील तर काही बिघडलेलं नाही. सीडी कुठे आहेत?

गाणी खरोखर उतरवायची तर "रिप" करावी लागतात. जुन्या संगणकात सीडी ड्राइव्ह आहे आणि विंडोज ७ चा मीडिया प्लेअर आहे, तो हे काम करतो. फक्त आधी त्याच्या "रिप म्युझिक"च्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. तो आपणहून डब्ल्यूएमए प्रकारात उतरवतो, त्याऐवजी एमपी३ किंवा वेव्ह निवडा. आणि तिथेच "कॉपी प्रोटेक्ट म्युझिक" असा एक चौकोन आहे. त्यात टिक असेल तर ती काढा. नाहीतर गाणी त्याच संगणकाला बांधली जातील आणि नव्यावर पुन्हा हीच रडारड.

बरोबर उतरलं की नाही ते परत आकारावरूनच कळतं. सीडीचा आवाज वेव्हमध्ये मिनिटाला साधारण १० एमबी होतो. म्हणजे ५ मिनिटांचं पद ५० एमबीच्या आसपास. १२८ केबीपीएस एमपी३ केलं तर तेच ५ एमबीच्या आत-बाहेर. आपल्या सीडींतली बरीचशी पदं दुकानात आता मिळत नाहीत, तेव्हा एक प्रत वेव्हमध्ये ठेवाच. हार्ड डिस्क स्वस्त आहेत. चरे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

आता ई-पुस्तकं. त्या फायलींचं शेपूट एसीएसएम आहे का, ते बघून कळवा.

---

प्रेषक: ग्रंथालय, दांडिया बाजार
विषय: उत्तर: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

एसीएसएमच आहे! आकार २ केबी. सीडी कपाटात आहेत, डब्यांसकट. भंगारवाला परत गेला, जरा नाराज होऊन.

---

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
विषय: उत्तर: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

काकू, इथे रात्रीचा दीड वाजलाय, म्हणून थोडक्यात. एसीएसएम म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तक मिळाल्याची पावती. गुगल प्ले बुक्सवरून किंवा ग्रंथालयांकडून घेतलेली कुलूपबंद, म्हणजे नक्कल करू न देणारी, पुस्तकं अशीच येतात. ॲडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममध्ये ती उघडली की तो दुकानाच्या सर्व्हरकडून खरं पुस्तक आणतो आणि डॉक्युमेंट्समधल्या "माय डिजिटल एडिशन्स" फोल्डरमध्ये ठेवतो. म्हणजे जुन्या संगणकावर तो फोल्डर आहे, त्यात ईपब आणि पीडीएफ असतील, आणि ते शेकडो केबींचे असतील. नेमका तोच फोल्डर त्या पठ्ठ्याने सोडलेला दिसतो.

तो उचलून नव्यावर टाका. नव्यावर डिजिटल एडिशन्स घाला आणि त्याच्या "हेल्प" मेन्यूतून तोच ॲडोबी आयडी देऊन संगणक अधिकृत करा. एका आयडीवर ६ पर्यंत उपकरणं चालतात. दुसऱ्याच आयडीने केलंत आणि पावत्याच पुन्हा उघडत बसलात, तर "हे आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलं आहे" अशा अर्थाची चूक येते, तिला घाबरू नका, आयडी बदला. मात्र जुन्यावर "आयडीशिवाय अधिकृत करा" असं केलेलं असलं तर ती पुस्तकं त्याच संगणकापुरती. मग दुकानाच्या खात्यात जाऊन परत उतरवणं एवढाच मार्ग.

नाहीतर सरळ कुलूप काढून टाकायचं. साधनं मिळतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

---

प्रेषक: मांजलपूर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

एडिसन, शेवटचं वाक्य मंडळाच्या लिस्टवर नको. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आलं. हक्कांचा भंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतःच्या वाचनापुरतं कुणी काय करतं तो वाद वेगळा. मंडळ पुस्तकं सभासदांना देतं, आपला हेतू काय होता हे कोर्टात समजावत बसायची हौस मला नाही. शिवाय कामच तसं नाही ना, आयडी खजिनदारांच्या वहीत लिहिलेला आहे. इथून पुढे ई-पुस्तक घेतानाच विचारायचं, कुलूप आहे का? असेल तर छापील घ्या. कपाट आहे, जागा आहे.

ज्या लेखकांना जाऊन ६० वर्षं उलटली आहेत त्यांची पुस्तकं तर मोकळीच आहेत. मराठी विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर बरीच आहेत, ती उतरवून घेतली की कुठल्याही संगणकावर न्या, कुणाची परवानगी लागत नाही.

नाटकाचं चित्रीकरण: पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, ड्राइव्ह कितीही मोकळा असो. त्याच्यावरचं आधी दुसरीकडे हलवा, मग एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, म्हणून क्रम उलटा करू नका.

---

प्रेषक: रावपुरा
विषय: उत्तर: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

तरुण मंडळींचं चाललंय ते वाचतोय. एक सांगावंसं वाटलं. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन साहेबांना आणून आपली बडोद्याची सेंट्रल लायब्ररी उभी केली, आणि राज्यातल्या गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या धाडल्या. फिरती ग्रंथालयं. पेटी गावात पोचली की पुस्तकं आत असायची. पावती आली, पुस्तक मागे राहिलं, असं होत नव्हतं.

कुणी मांडवीकडे जाणार असेल तर लायब्ररीची लोखंडी कपाटं आणि काचेची जमीन नातवंडांना जरूर दाखवा.

---

प्रेषक: नियंत्रक
विषय: उत्तर: उत्तर: नव्या संगणकावर सगळं आलं…

काका, वाचून बरं वाटलं, पण स्मरणिकेच्या फॉन्टबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही. प्रतापगंज, तुम्ही आहात का?

---

प्रेषक: प्रतापगंज
विषय: स्मरणिकेचा फॉन्ट

आहे. माझं सगळं आयुष्य डीटीपीत, छपाईची पानं संगणकावर जुळवण्यात गेलं, मी बोलणार नाही तर कोण.

वहिनी, तुमच्या फायली खराब झालेल्या नाहीत. त्या काळी मराठी टंकायला आम्ही श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम ही सॉफ्टवेअर वापरायचो. संगणक मराठी अक्षर साठवत नव्हता, इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवत होता, आणि त्या क्रमांकाच्या जागी फॉन्ट "क" किंवा अर्धा "त" काढून दाखवायचा. फॉन्ट नसला की मूळचं ते भलतंच चिन्ह दिसतं. दुकानातल्या मुलाने डॉक्युमेंट्स आणले, फॉन्ट कोण आणणार?

जुन्या संगणकावर सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत "फॉन्ट्स" फोल्डर आहे. त्यातून श्री किंवा डीव्हीबी नावाने सुरू होणारे सगळे फॉन्ट काढून घ्या, नव्यावर घाला. वर्डच्या फायली बहुतेक तेवढ्यानेच वाचता येतील. सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या मागे डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावी लागायची, नुसतं वाचायला लागत नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. स्मरणिकांची मांडणी पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि पेजमेकर बंद पडून जमाना झाला. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनने सीएस६ या आवृत्तीपर्यंत त्याच्या ६ आणि ७ च्या फायली उघडल्या, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडून दिलं. तेव्हा जोवर जुना संगणक उठतो-बसतो आहे तोवर त्यावरच प्रत्येक स्मरणिकेची पीडीएफ करून घ्या. विंडोज ७ मध्ये आयता पीडीएफ प्रिंटर नसतो, एखादा फुकटचा घालावा लागेल. करताना फॉन्ट आत बसवले गेलेत ना, हे बघायचं: पीडीएफ उघडून "प्रॉपर्टीज"मध्ये "फॉन्ट्स" बघा, प्रत्येकापुढे "एम्बेडेड" असलं पाहिजे. आणि ती पीडीएफ ज्या संगणकावर आमचा एकही फॉन्ट नाही अशावर उघडून बघा. तिथे दिसली तर खरी.

पीडीएफ डोळ्यांना छान दिसेल, पण तिच्यात "गडकरी" शोधाल तर सापडणार नाही, आणि मजकूर उचलून मेलमध्ये टाकाल तर परत तीच चिन्हं येतील. आत अजून जुनेच क्रमांक आहेत. मजकूर पुढे वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलावा लागतो. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक घराण्याचा वेगळा. श्री-लिपीच्या मजकुराला आयएसएमचा लावलात तर दुप्पट गोंधळ. आणि तपासणी हाताने करायचीच. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. रफारांचंही तेच. "ऱ्या" आणि "ऱ्ह" तर हमखास फसतात. जाहिरातींची पानं कन्व्हर्टरमध्ये घालूच नका. तिथे दुकानांचे फोन नंबर साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये आहेत, त्यांचं मराठी होऊन बसेल.

एका स्मरणिकेचं शुद्धलेखन म्हणजे दोन माणसांच्या चार-पाच बैठका. मी बसतो. दुसरं कुणी?

---

प्रेषक: ग्रंथालय, दांडिया बाजार
विषय: उत्तर: स्मरणिकेचा फॉन्ट

भाऊजी, मी बसते. चष्मा बदलून घेतलाय.

"माय डिजिटल एडिशन्स" फोल्डर सापडला, खरंच मोठाल्या फायली आहेत. तो नव्यावर नेला, खजिनदारांच्या आयडीने पुस्तकं उघडली. पण एक नवीनच. डॉक्युमेंट्समधल्या काही फायलींवर छोटा निळा ढग दिसतो. काल वाय-फाय गेलं तेव्हा त्या उघडेनात.

---

प्रेषक: मांजलपूर
विषय: उत्तर: उत्तर: स्मरणिकेचा फॉन्ट

हा वनड्राइव्हचा उद्योग. नवीन विंडोज डॉक्युमेंट्स फोल्डर परस्पर तिकडे जोडतं. ढग म्हणजे फाइल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे, इथे नुसतं नाव. इथे मात्र आकाराचा रकाना फसवतो, तो पूर्ण आकार दाखवतो. फाइलच्या "प्रॉपर्टीज"मध्ये "साइज ऑन डिस्क" बघा, तिथे शून्य असेल. फोल्डरवर उजवं क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा. फुकटात ५ जीबीच मिळतात, वेव्ह फायली तिथे गेल्या तर दोन दिवसांत भरतील. गाणी आणि चित्रीकरण डॉक्युमेंट्सच्या बाहेर, डी ड्राइव्हवर ठेवा.

आणि सगळं झाल्यावर जुना मूळ फोल्डर आणि नवा फोल्डर, दोन्हींच्या "प्रॉपर्टीज" शेजारी शेजारी उघडा. फायलींची संख्या आणि बाइट दोन्ही जुळले पाहिजेत, नुसती संख्या नाही. त्या मुलाचीही संख्या जुळली होती.

शनिवारी मी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन येतो. प्रतापगंजच्या काकांनी पेजमेकरची सीडी आणि जुनी डाँगल घरात असेल तर शोधून ठेवावी, नाहीतर पीडीएफचं काम त्यांच्याच संगणकावर करावं लागेल.

---

प्रेषक: प्रतापगंज
विषय: उत्तर: उत्तर: स्मरणिकेचा फॉन्ट

डाँगल आहे. समांतर पोर्टची आहे. नव्या संगणकाला ते भोक नाही, ग्रंथालयाच्या जुन्याला आहे, मागच्या बाजूला. तेव्हा पीडीएफ तिथेच करू. शनिवारी अकराला, उशीर नको, दुपारी लाइट जातात.