सोसायटीत दाखवायला सिनेमा सुचवा : उपेक्षित समाजावरचा, पण सगळे शेवटपर्यंत बसतील असा

मोगरा_ठाणे : आमच्या क्लबहाउसमध्ये दर महिन्याला सिनेमा लावतो. चाळीसेक माणसं येतात, निम्मे ज्येष्ठ, थोडी शाळकरी मुलं. मागच्या वेळी 'कोर्ट' लावला. माझा फार आवडता, पण मध्यंतरालाच निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. "परत असलं काही लावू नका" हेही ऐकलं. मला मात्र लावायचंच आहे. दलित, भटके, मुस्लिम, कुणाच्याही आयुष्यावरचा चालेल. 'सैराट' सगळ्यांचा पाहून झालाय.

रातवा : 'फँड्री'. 2014 साली आम्ही 'तुझ्या प्रीतीचा विंचू' ऐकून थेटरात गेलो होतो आणि ते गाणं सिनेमात नाहीच! पण तोवर जब्या नावाच्या त्या पोरात जीव गुंतला होता. त्याला जीन्स हवी, शाळेतली शालू हवी, काळी चिमणी हवी. त्याच्या कैकाडी समाजाची माहिती कुणी सांगत बसत नाही, गावातलं डुक्कर धरायचं काम या घराच्या गळ्यात पडतं एवढं दिसतं. डुक्कर हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. तिथून कोण उठून जाईल?

ओटा : मल्याळम चालत असेल तर 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (2018). केरळातल्या मलप्पुरमचं मुस्लिम घर, सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचं फुटबॉल, आणि जखमी परदेशी खेळाडूची शुश्रूषा करणाऱ्या दोन म्हाताऱ्या. आईला मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "गप्प बस, कळतंय मला."

सांजवेळ : 'जय भीम' हिंदीत मिळतो. तमिळनाडूतल्या इरुलर या आदिवासी जमातीवर पोलिसांनी केलेला अन्याय, खऱ्या खटल्यावर बेतलेला. पकड जबरदस्त आहे, पण कोठडीतली मारहाण बघवत नाही. मुलं येणार असतील तर नको.

पालावरचा : मी कैकाडी. 'सगळे बसतील' म्हणता, त्या सगळ्यांत आम्हाला धरलंय का? 'सैराट'ने कोट्यवधी कमावले, त्यात आमच्या वस्तीतून जीप भरभरून गेलेल्यांची तिकिटंही होती. आम्हीही गाण्यांवर नाचलो, शेवटी आम्हीही सुन्न झालो. 'फँड्री'त डुक्कर धरताना गाव हसतं, तेव्हा माझ्या मागची रांगही हसली होती. मला हसू आलं नाही. तुमच्याकडेही कुणी हसेल. हसू द्या, मध्येच बंद करून समजवायला जाऊ नका. जब्याचा शेवटचा दगड येईपर्यंत थांबा.

रातवा : हे वाचून गप्प झालो. हसणाऱ्यांत मीही होतो, दादा.

मोगरा_ठाणे : 'फँड्री' ठरला. आधी भाषण ठेवणार होते, ते काढलं. आणि पालावरचा दादा, तुमचं वाचल्यावर लक्षात आलं की इतक्या महिन्यांत आमच्या सफाईच्या मावशींना आणि वॉचमनकाकांना कुणी बोलावलंच नव्हतं. काल जाऊन विचारलं. मावशींचं काम आठला संपतं, म्हणून वेळ साडेसातऐवजी साडेआठ केली आहे.