चर्चा: पिस्तुलाचा सराव परवडायला हवा, तर बोर (नळीचा आतला व्यास) कोणता? .177, .22 की .32?

चिरेबंदी
अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नवी मंडळी थेट .22 नाहीतर .32 चा परवाना मागायला निघतात. पैसे वाचवायचे असतील तर ही उलटी वाट, आधी .177 चं एअर पिस्तूल घ्या. हिशेब धरा: सामना 60 गोळ्यांचा, वर चाचणीच्या 20. आठवड्यातून तीनदा म्हणजे 240, वर्षाला 12 हजारांच्या घरात. पेलेटचा (एअर पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्यांचा) डबा 500 चा, महिन्याला दोन पुरतात. .22 च्या 50 च्या पेट्या आठवड्याला पाच लागतील, आणि परवान्यावरची वर्षाची मर्यादा आडवी येईल ती वेगळीच. 4.5 मिमी (म्हणजेच .177) बोर आणि 20 ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल असेल तर परवानाच लागत नाही.

शिवाय एअर पिस्तुलाच्या सामन्याचं 10 मीटर अंतर घरात निघतं. लांब पडवी हवी. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर, मागे 3 मिमीचा पोलादी पत्रा वरची कड पुढे झुकवून 45 अंशांत, तळाला वाळूचा ट्रे. जांभ्यावर थेट मारू नका. चिरा फुटतो, शिसं उसळून परत येतं. डोळ्यांना चष्मा हवाच.

खाडीपलीकडे
हिशेब बरोबर, पण ज्याला .22 चा 25 मीटरचा सामना खेळायचाय त्यानं 12 हजार पेलेट उडवून काय कमावलं? एअर पिस्तुलाचा घोडा ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर, .22 चा 1000 चा. 25 मीटरच्या स्टँडर्ड पिस्तूल सामन्यात शेवटच्या फेऱ्यांना पाच गोळ्या 10 सेकंदांत मारायच्या असतात. प्रत्येक झटक्यानंतर नळी परत काळ्याखाली आणायची कला एअरमध्ये शिकताच येत नाही, कारण तिथे झटकाच नाही. उलट आठ-दहा सेकंद धरून बसायची खोड लागते आणि ती मोडायला पुन्हा .22 च्याच पेट्या जाळाव्या लागतात. राही सरनोबत यांचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं पालेंबांगचं सुवर्ण 25 मीटरचं आहे, विसरू नका.

चिरेबंदी
मग मनू भाकर यांचं 2024 चं पॅरिसही विसरू नका. 10 मीटरला दोन कांस्य, आणि त्याच स्पर्धेत 25 मीटरला चौथा क्रमांक. खोड लागते ती घड्याळ न लावता मारणाऱ्याला. महिलांच्या 25 मीटरच्या वेगवान टप्प्यात 7 सेकंद हात खाली, 3 सेकंदांत वर आणि एकच गोळी. ही उचल रिकाम्या एअर पिस्तुलानं रोज शंभरदा फुकट होते. आणि नेमच बघायचा तर 10 मीटरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं. त्याच कोनात 25 मीटरवर ते 29 मिमी होतं. तिथलं अचूक टप्प्याचं खरं वर्तुळ 50 मिमीचं आहे. अवघड कोणतं?

ठासणी
दोघेही .32 ला वाळीत टाकताय. ज्याच्या घरी रिव्हॉल्व्हर आधीच आहे त्यानं नवीन खर्च का करायचा? सेंटर फायरच्या (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या गोळीच्या) सामन्यात .32 चालतं. स्नॅप कॅप (सरावाची खोटी गोळी) घालून रिकामा घोडा ओढा, महिन्याला रेंजवर 12 गोळ्या मारा. फक्त पेटी नीट वाचा: 7.65 बाय 23 मिमी रिव्हॉल्व्हरची, 7.65 बाय 17 पिस्तुलाची, दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. नुसता '7.65' आकडा बघून उचलली की फसलात.

खाडीपलीकडे
12 गोळ्यांत घोड्याचा दोष कळत नाही हो, ठासणीभाऊ. तीन इंची नळी, न हलणारी माशी (नेम धरायची खूण), त्यात डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत हातोडी उचलून सोडणारा, जड घोडा. गट पसरला तर चूक हाताची की हत्याराची, सांगणार कोण? आणि रिकामी पुंगळी घरी भरून पैसे वाचवू म्हणाल तर परवान्याशिवाय तो गुन्हा.

.22 घेणाऱ्यानं मात्र रिकामा घोडा ओढू नये. पिन चेंबरच्या काठावर आपटते, तिथे कंगोरा येतो आणि पुंगळी अडकायला लागते. गोळी पेटली नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून 30 सेकंद थांबा, मग काढा. रिमफायरमध्ये, म्हणजे .22 सारख्या बुडाच्या कडेवर पेटणाऱ्या गोळीत, कडेला मसाला एखाद्या जागी कमी पडलेला असतो. हे सगळं मान्य रेंजवरच, .22 ची गोळी दीड किलोमीटर जाते.

चिरेबंदी
आणि ती 25 मीटरची रेंज गाठायला कुडाळहून किंवा दापोलीहून जे भाडं जाईल, ते कुठल्या खात्यात लिहिणार? निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश निघाला तर तेवढे आठवडे सराव बंद, आणि पावसाळ्यात दमट खोलीत पडलेली नळी परत येते ती तांबूस ठिपके घेऊन.

ठासणी
एअर काय अमर आहे? जूनमध्ये हातपंपानं 200 बार दाबाची हवा भरा, दमट हवेतलं पाणी थेट सिलिंडरमध्ये. डबा उघडा ठेवला तर पेलेटवर पांढरी भुकटी.

चिरेबंदी
पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावायचा, दाणे रंग बदलले की बदलायचे. पेलेट घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसोबत. झडपेला सिलिकॉन ग्रीसच, तेल नको, दाबाखाली पेट घेतं. खोबरेल तर मुळीच नको, थंडीत थिजतं. सिलिंडरवरची तारीख बघा, बहुतेकांची मुदत 10 वर्षांची. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून उचलणारे नेमके तिथेच गंडतात.

खाडीपलीकडे
म्हणजे नवं सिलिंडरही खर्चात धरा. तुमच्या 12 हजार पेलेटच्या हिशेबात ते दिसलं नाही.