सल्ला हवा: चौथीच्या मराठीत थापांच्या गोष्टी आणि शब्दांची मुळं कशी घ्यावीत?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत तिसरी-चौथीला मराठी शिकवते. २०२० च्या कायद्यामुळे मराठी सगळ्याच माध्यमांत सक्तीची झाली, पण त्याने गोडी काही लागत नाही. बहुतेक मुलं घरी मराठीच बोलतात. ऐकलेलं सगळं कळतं. लिहायला बसवलं की 'मला पाऊस आवडतो. पाऊस छान असतो.' एवढं उरकून पेन्सिलीला टोक करत बसतात.

मागच्या सत्रात आमच्या इंग्रजीच्या बाईंनी अमेरिकेतल्या 'टॉल टेल्स' घेतल्या. पॉल बनियन नावाचा अगडबंब लाकूडतोड्या आणि त्याचा बेब नावाचा निळा बैल. दोघांच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचून मिनेसोटातली तळी झाली, असल्या गोष्टी. जोडीला ग्रीक-लॅटिन मुळं: टेली म्हणजे दूर, ग्राफ म्हणजे लिहिणं. मुलांना त्याचं पार खूळ लागलं. मला हेच मराठीत करायचंय, पण त्या गोष्टींचं भाषांतर नको वाटतं. आपल्याकडचं काय घेता येईल? आणि शब्दांची मुळं म्हणून थेट संस्कृत धातू चौथीला झेपतील का? साहित्य कुठे मिळेल तेही सांगा.

पारावरचे_गुरुजी

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत निफाड तालुक्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. भाषांतर नको म्हणालात ते बरं केलंत. लोणकढी थाप आपल्याला बाहेरून आणायची गरजच नाही. व्याकरणाच्या पुस्तकात अतिशयोक्ती अलंकाराचं जे जुनं उदाहरण असतं, दमडीच्या तेलाचं, तिथूनच सुरुवात करा. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, तरी उरलं. सांडलं तर वेशीपर्यंत ओघळ गेला आणि त्यात उंट पोहून गेला. अलंकाराचं नाव सांगू नका. दमडी म्हणजे काय ते तेवढं सांगा, नाहीतर गंमत कळायची नाही.

आता त्यातली चढण दाखवा. पहिली ओळ खरी वाटते, दुसरीही खपून जाते, आणि उंट थेट शेवटी येतो. मुलं उंट पहिल्याच वाक्यात आणतात, मग पुढे सांगायला काही राहत नाही. वर्गात एकच नियम ठेवा: पहिली दोन वाक्यं अशी पाहिजेत की ऐकणाऱ्याने मान डोलवावी.

दुसरं, ठिकाण ओळखीचं हवं. आमच्याकडे गोष्ट कांद्यावरून सुरू व्हायची. एका शेतकऱ्याकडे बरा मोठा कांदा निघाला. इतका मोठा की ट्रॉलीत तो एकटाच मावला. लासलगावच्या लिलावात व्यापाऱ्याने पारखायला सुरी लावली, तर मनमाडला उभ्या असलेल्या मालगाडीचा ड्रायव्हर रडायला लागला. मग अख्खा जिल्हा रडला. म्हणून त्या वर्षी गंगापूर धरण पावसाआधीच भरलं. हे शेवटचं 'म्हणून' सोडू नका. तुमच्या त्या लाकूडतोड्याच्या गोष्टीतही तळी झाली ती 'म्हणून'च झाली ना! तो शब्द आला की थापेला जागा मिळते, आणि मुलाच्या हातून कार्यकारणाचं जोडवाक्य आपोआप लिहून होतं.

आणि आधी बोलू द्या. वही दुसऱ्या दिवशी.

चष्मा_कुठंय

गुरुजी 🙏 मनमाडच्या ड्रायव्हरला सलाम.

एक जोड देतो. पॉल बनियन सगळ्या अमेरिकेला माहीत झाला तो एका लाकूड कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांमुळे, १९१४ पासून पुढे. गोष्टी त्याआधी लाकूडतोड्यांच्या तळावर तोंडोतोंडी चालायच्या. म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने त्यावर कडी करायची, हा मूळचा बाज. वर्गात गोल बसवून साखळी थाप लावा. 'त्यात काय मोठंसं, आमच्याकडे तर...' या वाक्याने पुढच्याने सुरू करायचं.

विषय हवे असतील तर रंगपंचमीची रहाड घ्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला, उड्या मारायचा हौद. जुन्या नाशकातल्या पोरांना सांगायलाच नको. माझ्या भाचीची थाप अशी होती: शनी चौकातल्या रहाडीत धप्पकन उडी मारली ती थेट त्र्यंबकच्या एसटी स्टँडवर वर आले, आणि कंडक्टर म्हणाला, ओल्या कपड्यांचं वेगळं तिकीट.

आड_वाटेने

मुळांबद्दल बोलते. चौथीला संस्कृत धातूंपासून सुरुवात करू नका, हे माझं ठाम मत. मुलांच्या तोंडात रोज असलेले तुकडे घ्या. 'बे' घ्या, 'बिन' घ्या, 'आड' घ्या, शेवटी लागणारे 'दार' आणि 'खोर' घ्या.

आपल्या जिल्ह्यात तर 'बे' शिकवायला बेदाण्याहून चांगलं काही नाही. बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. बी नसलेला तो बेदाणा. फारसीतून आलाय. अर्ध्या वर्गाच्या घरी किंवा मामाकडे द्राक्षबाग असणार. एक मूठ बेदाणे नेऊन वाटा, मग फळ्यावर बेफिकीर, बेचव, बेशिस्त. बेशिस्तला सगळे एका ठराविक मुलाकडे बघतील, तेवढं सांभाळा.

'खोर' म्हणजे मुळात खाणारा. लाचखोर, नफेखोर. मुलांना हे कळलं की मिसळखोर, पाणीपुरीखोर असले शब्द तयार होतात, आणि ते अगदी नियमात बसतात. थापेच्या गोष्टीला नायक हवाच असतो, त्याचं नाव असंच पाडू द्या. एका थापेतला हा मिसळखोर मी वाचलाय: तर्रीचं पातेलं तोंडाला लावतो आणि वर विचारतो, पाव कुठंय? (एखादं कार्टं हरामखोर म्हणेलच. 'हो, तोही त्याच घरातला' म्हणायचं आणि पुढे जायचं.)

'आड' मध्ये आडनाव, आडवाट, आडकाठी. आडगावची मुलं लगेच हात वर करतील. गावांच्या नावांच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिथे ऐकीव कथा फार.

धातुसाधित

आडवाटेताई, निम्मं पटलं. पण धातू एवढे घाबरण्यासारखे नाहीत हो. मुलं एसटीत चढतात तेव्हा समोर लिहिलेलंच असतं, चालक आणि वाहक. दोन धातू फुकटात मिळाले. चल् वरून चालक, चालना, चळवळ, चंचल. वह् वरून वाहक, वाहन, वाहतूक, प्रवाह. गोदावरी वाहते आणि बसमधला वाहक, यांचं नातं कळलं की नवव्या वर्षी डोळे कसे मोठे होतात ते बघाच.

हृ हाही असाच: आहार, विहार, प्रहार, संहार. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. राक्षस आधी आहार करतो, मग विहार, मग प्रहार. थाप तयार.

एका आठवड्यात एकच कूळ घ्या. तक्ते पाठ करून घेतले की संपलं सगळं.

शाईचा_डाग

चालक-वाहक! रोज बघते, कधी सुचलं नाही. धन्यवाद दोघांनाही. एक अडचण आत्ताच दिसतेय: मुलं कुठेही मूळ शोधायला लागतील. बेडूक मध्ये 'बे' आहे का, असं विचारलं तर?

आड_वाटेने

विचारतीलच. बेडूक, बेसन, बेल. आणि सगळ्यात भारी म्हणजे अननस: 'अन' आणि 'नस', म्हणजे ज्याला नस नाही ते फळ! अननस पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द, त्यात आपला उपसर्ग नाही. मी यासाठी एक सोपी चाचणी देते. तुकडा काढल्यावर उरलेला शब्द स्वतंत्र उभा राहतो का, आणि अर्थ जुळतो का? चव उभा राहतो, 'डूक' राहत नाही. 'सन' उभा राहतो, पण बेसनाच्या अर्थाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही अटी लागतात. ही चाचणी शंभर टक्के पुरत नाही, पण चौथीला पुरते.

उलट, खोटी व्युत्पत्ती हीच एक थाप म्हणून लिहायला द्या. 'बेडकाला बेडूक का म्हणतात?' फक्त वहीत वर मोठ्या अक्षरात 'ही थाप आहे' असं लिहून घ्या, नाहीतर पालक ती व्हॉट्सअॅपवर टाकतील आणि वर्षभराने आपल्यालाच ज्ञान म्हणून परत येईल.

त्रिरश्मी

पांडवलेण्यांचं कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितोय. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे, तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती. इसवी सनाचं दुसरं शतक. त्यात त्याला एक विशेषण लावलंय: तिसमुदतोयपीतवाहन. ज्याच्या वाहनांनी, म्हणजे घोड्यांनी, तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो.

राज्य मोठं होतं हे सांगायची केवढी ऐटदार तऱ्हा! आणि एका शब्दात ताईंचे दोन्ही विषय. ति म्हणजे तीन, समुद म्हणजे समुद्र, तोय म्हणजे पाणी. पीत म्हणजे प्यायलेलं, पा धातूवरून. त्याच घरातले पिणे, पेय, जलपान. वाहन तर वर धातुसाधित यांनी दिलंच आहे. शब्द फळ्यावर लिहून मुलांना करवतीने कापल्यासारखे तुकडे करू द्या. मग म्हणा, तुमच्या आजीसाठी असंच एक विशेषण तयार करा. 'सातपातेलीपुरणशिजवणारी' आलं तरी चालेल.

सहल नेणार असाल तर सकाळी लवकर न्या, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि उन्हात मुलं चिडचिडी होतात. अक्षरं ब्राह्मी आहेत, तिथे उभं राहून वाचता येणार नाहीत; शब्द देवनागरीत लिहून न्या.

दोन_मुलांची_आई

मध्येच बोलते, राग नसावा. थापा मारायला शाळेतच शिकवायचं? माझा धाकटा आधीच गृहपाठाबद्दल काय काय सांगतो. दुसरं म्हणजे यात देवाधर्माच्या गोष्टी आणू नका. अंजनेरी इथून जवळ, टाकळीचा मारुती आहे, कोणीतरी उड्डाणाची गोष्ट थापांत घालेल आणि नसता वाद होईल.

पारावरचे_गुरुजी

ताई, दुसऱ्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. ज्याला कोणी श्रद्धेने मानतं ते थापांच्या यादीत घालायचं नाही. वर्गात सगळ्या घरची मुलं असतात. तसंच वर्गातल्या मुलावर, त्याच्या घरावर, अंगावर थाप नाही.

पहिल्याचं म्हणाल तर, गृहपाठाबद्दल जे सांगतो ते तुम्ही खरं मानावं असं त्याला वाटतं. कांद्याची गोष्ट कोणी खरी मानू नये असंच सांगणाऱ्याला वाटतं, आणि ऐकणाराही त्यात सामील असतो. हा फरक मुलांना आपल्याहून लवकर कळतो. तुमच्या धाकट्याला एकदा विचारून बघा, 'मग कुत्र्याने वही खाल्ल्यावर पुढे काय झालं?'

खरं-खोटं वेगळं करायचा सरावही करून घेता येतो. आजी-आजोबांना १९६९ च्या पुराबद्दल विचारून यायला सांगा. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं, कोणत्या गल्लीत शिरलं. प्रत्येक घरातून थोडं वेगळं पाणी येईल. मग वर्गात ठरवायचं, यात पाहिलेलं किती, ऐकलेलं किती, आणि सांगता सांगता चढलेलं किती.

दोन_मुलांची_आई

कुत्रा नाहीये आमच्याकडे, तरी विचारते 😄

चष्मा_कुठंय

साहित्याचं राहिलं. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत, त्यात गमतीच्या लोककथा भरपूर. सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात एक चक्कर मारा. १८४० पासूनची संस्था आहे, जुनी लोककथांची पुस्तकं तिथे हाताला लागतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्यांबद्दलही विचारून बघा.

व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' जवळ ठेवा. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. मुलांसमोरच शोधा, त्यांनाही सवय लागते.

शाईचा_डाग

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पहिल्या आठवड्यात दमडीचं तेल आणि साखळी थाप, लिहिणं नाही. मग बेदाणा आणि 'खोर', त्यातून नायकाचं नाव. मग चालक-वाहक. पांडवलेणी शेवटी, सहलीची परवानगी मिळाली तर. पूर्ण थाप लिहून २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला पाठ न करता सांगायची.

गुण कसे द्यावेत एवढंच अडलंय. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले तर पुन्हा 'पाऊस छान असतो' वर येतील.

पारावरचे_गुरुजी

पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नाही. दोन वाक्यं खरी वाटली का, चढण आहे का, 'म्हणून' आलं का, आणि त्या आठवड्याच्या कुळातले तीन शब्द नेमक्या जागी बसले का, एवढंच बघा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्याला, तेही त्या तीन शब्दांचंच. आणि २७ तारखेला परीक्षक म्हणून चौथीच्याच मुलांना बसवा, मोठ्यांना हसू आवरत नाही.