१/८ स्केलची ३२ फोर्ड हॉट रॉड, जुना रंग कसा काढू?

सातारकर: मामांच्या माळ्यावर मोनोग्राम कंपनीची बिग ड्यूस सापडली, १९६३ ला आलेलं प्लास्टिक मॉडेलचं किट, १९३२ ची फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची गाडी), हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी बदलून जोरदार केलेली. कोणीतरी ब्रशने जाड इनॅमल फासलंय, क्रोम पिवळट पडलंय आणि इंजिन ग्लूने तिरकं चिकटलंय. थिनर लावू का? आतून खूप वाटतंय की ही नीट उभी राहावी.

सांगलीकर: थिनर अजिबात नको रे भावा, प्लास्टिक विरघळेल!! ब्रेक ऑइल घे, डॉट ३ प्रकारचं, बॉडी त्यात रात्रभर बुडवून ठेव मग जुन्या टूथब्रशने घास, हातमोजे घालूनच, आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धू नाहीतर नवीन रंग धरणार नाही. क्रोमचे पार्ट घरातल्या ब्लीचमध्ये टाक, निघतं. ब्लीच आणि ब्रेक ऑइल मात्र चुकूनही एकत्र आणू नको, आग लागू शकते.

कराडचा: इंजिन एक-दोन तास फ्रीजरमध्ये ठेव, जुना ग्लू ठिसूळ होतो, मग हळू ब्लेडने सोडव, जोर लावू नको. आणि जमलं तर फ्लॅटहेड व्ही८ (सपाट हेडचं आठ सिलेंडरचं इंजिन) बसव ना, ३२ ला फोर्डने पहिल्यांदा दिलेलं, ६५ हॉर्सपॉवर, तेच तर या गाडीचं काळीज आहे. वर तीन कार्ब्युरेटर बसव, तेवढं कस्टम शोभतं.

सातारकर: भारी! आजच फ्रीजरमध्ये ठेवतो. रंग मात्र जुलैत नको ना, इथं पाऊस थांबतच नाही?

सांगलीकर: नकोच. दमट हवेत लॅकर (लवकर वाळणारा चकचकीत रंग) पांढुरकं पडतं. दिवाळीनंतर मार.